तारणाची खात्री आणि धम्माचा आरसा : पंडिता रमाबाईंच्या 'साक्षी'चे परीक्षण

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील विहारांत वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नाहीत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रतिपादन वाचून झाले, की उपासकांकडून एक प्रश्न येतो. प्रार्थनासभेस जाणारा ख्रिस्ती शेजारी 'माझे तारण झाले आहे' असे निःशंकपणे सांगतो. मग आपणांस कोणती खात्री आहे? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. मराठी भाषिकांत या खात्रीचे सर्वांत प्रांजळ निवेदन पंडिता रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत आढळते. म्हणून त्याच निवेदनाचे परीक्षण आम्ही येथे करीत आहोत.

रमाबाईंचे आईवडील पुराणिक होते. तीर्थाटन, उपवास, जप आणि दानधर्म यांत त्यांनी जवळचे सर्व द्रव्य वेचले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात दोघांचाही अंत झाला. पुढे धर्मशास्त्रे वाचली तेव्हा स्त्रीला पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही, याविषयी त्या सर्व ग्रंथांचे एकमत त्यांना दिसले. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु साक्षीतील खरे वळण त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी येते. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, असे त्यांना जाणवले. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. तारण कृत्यांनी कमवावयाचे नसून ते विनामूल्य दान आहे, हे मान्य केल्यावरच त्यांच्या चित्ताला स्वस्थता लाभली.

हा वाद ख्रिस्ती परंपरेतही मिटलेला नव्हता. इफिसकरांस लिहिलेले पत्र कृपेवर भर देते. याकोबाचे पत्र कृत्यांवाचूनचा विश्वास निर्जीव मानते. ल्यूथरने पहिल्याची बाजू घेतली. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने स्वतःच्या तारणाबद्दलची निरपवाद खात्री नाकारली. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे ल्यूथरपंथीय व कॅथलिक यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. म्हणजे समेटास साडेचार शतके लागली.

बौद्ध दृष्टीने पाहता रमाबाईंच्या विवेचनातील पहिला अर्धा भाग आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. व्रते आणि विधी यांनी शुद्धी होते या समजुतीला तथागतांनी 'सीलब्बतपरामास' म्हटले व ती पहिल्या तीन संयोजनांत गणली. रमाबाईंनी त्याग केला तो याच बंधनाचा. परंतु कर्मकांड निष्फळ ठरले म्हणून कर्मच निष्फळ, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. बुद्धाने कर्माची व्याख्या चेतना अशी केली आहे. दक्षिणेचा हिशेब आणि चित्ताची घडण या दोन भिन्न गोष्टी आहेत. साक्षीत त्या एकाच तराजूत पडल्या, हा तिच्यातील मुख्य तार्किक दोष होय.

दुसरा मुद्दा खात्रीचा. धम्मात खात्री नाही, ही समजूत चुकीची आहे. नादिका येथे आनंदाने मृत उपासकांच्या गतीविषयी एकेकाचे नाव घेऊन विचारले, तेव्हा भगवंतांनी 'धम्मादास' म्हणजे धम्माचा आरसा सांगितला. बुद्ध, धम्म व संघ यांवर अढळ श्रद्धा आणि अखंड शील ही चार अंगे स्वतःत आढळली, तर आपण स्रोतापन्न आहोत, आपले पतन होणार नाही, हे आर्यश्रावक स्वतःच जाणू शकतो. येथे शंका फिटते, तीही संयोजन म्हणूनच फिटते. मात्र आरशात दिसते ते स्वतःचे शील. दुसऱ्याने दिलेले वचन नव्हे.

तर मग सारे काही मनुष्याच्या पुरुषार्थावर आहे काय? अंगुत्तर निकायात शेतकऱ्याचा दृष्टान्त आहे. तो वेळेवर नांगरतो, पेरतो, पाणी देतो; पण 'आजच पीक पिको' अशी आज्ञा करण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नसते. राब भाजून पावसाची वाट पाहणाऱ्या मुरबाड-शहापूरच्या भातशेतकऱ्यास हे वेगळे समजावण्याची गरज नाही. फळ हुकमाने मिळत नाही, तसे ते भिक्षेनेही मिळत नाही. कारणे जुळली की ते येते. कृपा आणि कमाई यांच्यामधला हा तिसरा पक्ष साक्षीत विचारातच घेतलेला नाही.

तथापि रमाबाईंना अन्याय होता कामा नये. कृपेवर विसंबून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळपीडित स्त्रियांना आश्रय, शिक्षण व हातास उद्योग मिळाला. त्यांचे आचरण त्यांच्या सिद्धान्ताहून मोठे आहे. बाबासाहेबांचा आक्षेप या आचरणावर नव्हे, सिद्धान्तावर लागू पडतो. अस्पृश्याला हिंदू असताना अधोगतीचे कारण पूर्वकर्म म्हणून सांगितले गेले. ख्रिस्ती झाल्यावर पूर्वजाचे पाप म्हणून. दोन्हीकडे समाजव्यवस्था मोकळीच सुटते, असा त्यांच्या टीकेचा आशय आम्ही समजतो.

शेवटी हाच आरसा आम्ही स्वतःपुढे धरला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा झाली, बाबासाहेबांनी आपला उद्धार केला, आता करावयाचे काही उरले नाही, असे मानणारा बौद्ध ख्रिस्ती शेजाऱ्याला काय उत्तर देणार? त्याने केवळ तारणाऱ्याचे नाव बदलले आहे. १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणाचा शेवट बाबासाहेबांनी स्वतःच स्वतःचा आधार होण्याच्या बुद्धवचनाने केला होता. त्यांना मोक्षदाता करणे म्हणजे त्यांचाच उपदेश नाकारणे होय. पंचशील नित्य पाळले जात असेल, तरच उपासकाला त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आहे. आणि तेव्हा फारसे बोलावेही लागणार नाही.