कारंजा स्थानकाची रचना : एक पुनर्विचार

वऱ्हाडातील लहान रेल्वे-स्थानकांविषयी मराठीत जे लेखन होते, त्याचा कल प्रायः आठवणींकडे असतो. मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंदमापी मार्गाच्या बाबतीत हा कल विशेषच जाणवतो. ‘शकुंतला’ हे लोकांनी दिलेले लाडके नाव, मँचेस्टरला 1921 साली घडविलेले आणि 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत राबलेले वाफेचे इंजिन, आणि राष्ट्रीयीकरणातून निसटलेली खाजगी मालकी या तीन गोष्टींभोवतीच बहुतेक वर्णने फिरत राहतात. त्यांत गाडी असते, डबे असतात, खिडकीतून दिसणारी पऱ्हाटीची शेते असतात. स्थानक मात्र क्वचितच दिसते, आणि दिसले तरी केवळ पार्श्वभूमी म्हणून. वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे या मार्गावरील स्थानक निराळ्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कारण तेथे स्थानकाच्या आधी बाजार होता, आणि तो साधासुधा बाजार नव्हता.

1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. देशातील नियंत्रित बाजारांचा इतिहास येथूनच मोजला जातो. वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारविषयक कायदा त्यानंतर, 1897 साली आला. ज्या कंपनीने हा लोहमार्ग घातला, ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी किलिक निक्सन या पेढीने स्थापली 1910 साली. म्हणजे बाजार आणि लोहमार्ग यांच्यामध्ये सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. ‘आगगाडी आली आणि पेठ वसली’ हे विधान आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत इतक्या सहजपणे येते की त्याची परीक्षा करण्याचे कोणाला सुचत नाही. कारंज्याच्या बाबतीत ते उलटे करून वाचावे लागते. येथे पेठ, तिचे अडते, तिची मापे आणि तिचे नियम आधीच सिद्ध होते. स्थानकाला आपले गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. ते गिऱ्हाईक म्हणजे कापसाची गाठ.

स्थानकाची रचना म्हटली की डोळ्यांसमोर इमारत येते. परंतु अशा स्थानकाच्या बाबतीत निर्णायक रचना इमारतीत नसून रुळांमधील अंतरात असते. खामगावला 1870 साली आणि अमरावतीला 1871 साली जे फाटे काढण्यात आले, ते मुख्य मार्गाच्याच रुंद मापाचे होते. जलंबहून खामगाव आणि बडनेऱ्याहून अमरावती ही अंतरे थोडी, त्यामुळे तो खर्च परवडण्याजोगा होता. शिवाय अमेरिकेतील यादवी युद्धाने वऱ्हाडी कापसाला आणलेले महत्त्व त्या वेळी सर्वांच्या स्मरणात ताजे होते. खामगावला भरलेली वाघीण त्यामुळे तशीच मुंबईपर्यंत जाऊ शकत असे. कारंज्याचा मार्ग याहून फार लांबचा. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, आणि त्यासाठी निवडलेले माप अडीच फुटांचे. भराव हलका, वळणे तीव्र, पूल लहान. एकूण बांधणी स्वस्त.

या स्वस्ताईचा हिशेब मूर्तिजापूरला होतो. कापूस हा वजनाने हलका आणि आकाराने अवाढव्य माल. म्हणून सरकी काढून, दाबयंत्रात दाबून 392 पौंड रुईची गाठ केल्यावाचून तो दूर पाठविणे परवडत नाही. अशी प्रत्येक गाठ कारंज्याला एकदा चढवायची, मूर्तिजापूरला उतरवायची आणि रुंदमापी वाघिणीत पुन्हा चढवायची. बांधणीत वाचलेले भांडवल अशा रीतीने हमालांच्या पाठीवर कायमचे येऊन पडले. वाहतुकीतला असा वाढीव खर्च शेवटी कोणाच्या भावातून वजा होतो, हे अडत्याला विचारावे लागत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. रुंद मापाचा आग्रह धरला असता तर यवतमाळपर्यंत मार्ग मुळी झालाच नसता, असे म्हणता येईल. हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु मग त्या मार्गाचे ‘गरिबांची गाडी’ म्हणून जे गुणगान होते, त्याला मर्यादा घालावी लागते. गरिबांनी ती आपलीशी केली हे खरे. ती त्यांच्यासाठी योजलेली मात्र नव्हती. उपयोग आणि उद्देश यांची गल्लत झाली की टीकेची जागा स्तुती घेते. अखेरच्या काळात कित्येक थांब्यांवर गार्डच तिकिटे देत असे, ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. वस्तुतः तिचा अर्थ एवढाच की स्थानकाचे काम स्थानकाने सोडले होते आणि ते गाडीवर चढले होते.

मालकीच्या कथेनेही या बाबतीत अडचणच केली आहे. मार्ग कंपनीचा आणि चालविणार मध्य रेल्वे, या विचित्र व्यवस्थेमुळे सारा वाद परदेशी कंपनीला द्यावयाच्या मोबदल्याभोवती घोटाळत राहिला. दुष्यंताच्या विस्मरणाची आठवण करून देणारे नाव मिळालेल्या या गाडीच्या स्थानकांवर काय असावे, हा प्रश्न त्या वादात कोणी विचारलाच नाही.

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या वाशिमशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. पूर्णा-अकोला हा मीटरमापी मार्ग 2008 साली रुंदमापी झाला. तो दोन प्रदेशांना जोडणारा दुवा असल्याने त्याचे रूपांतर टळणे शक्य नव्हते. कारंज्याचा मार्ग यवतमाळला जाऊन संपतो, आणि संपणाऱ्या मार्गाचे रूपांतर लांबणीवर टाकता येते. 2016 साली त्याच्या रुंदमापीकरणाची घोषणा झाली. त्यावरील गाड्या मात्र 2020 पूर्वीच थांबल्या. दरम्यान समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेला, आणि त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला.

म्हणून रुंदमापीकरणाचा आराखडा पुढे येईल तेव्हा 1886 च्या बाजाराकडे बोट दाखवून भागणार नाही. गाठी मालमोटारीत चढल्या आहेत. आता स्थानकावर येणारा मनुष्य दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी किंवा नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी दर्शनासाठी येईल, आणि त्याच्याजवळ एखादी पिशवी असेल. त्याला लागते ती सावली, पाणी, उघडी तिकीट-खिडकी आणि मूर्तिजापूरला मुख्य मार्गावरील गाडी गाठता येईल असे वेळापत्रक. यांपैकी एकही गोष्ट रुळांमधील अंतर वाढविल्याने आपोआप मिळत नाही.