सीमित विसरण आणि जड शेपटी

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर येथे घरांना चौकट असावी, पण दार नसावे, अशी परंपरा आहे. हवा निश्चल मानल्यास, अशा घरातील धुराचा कण भिंतींवर कितीही आपटला तरी साध्या विसरणाने अखेर बाहेर पडतो. तो दीर्घकाळ आत राहण्याची संभाव्यता घातांकी वेगाने घटते. सरासरी निर्गमनकाल सान्त राहतो. यावरून सीमित क्षेत्रात जड शेपटीचे वितरण संभवतच नाही, असा निष्कर्ष काढणे अर्धसत्य होय. भिंती अंतरास मर्यादा घालतात, काळास नव्हे. कण वाटेतील सापळ्यांत अडकत असेल व अडकण्याच्या काळाचे वितरण घातनियमाने मंद घटत असेल, तर चौकट उघडी असूनही ती सरासरी अनंत होऊ शकते.

माँट्रोल व वाइस यांच्या १९६५ मधील उपपत्तीचे मर्म हेच आहे. शेर व माँट्रोल यांनी १९७५ मध्ये ती अस्फटिकी पदार्थांस लावली, तेव्हा विद्युत्भारांची गतिशीलता नमुन्याच्या जाडीनुसार का बदलते, याचा उलगडा झाला. पदार्थाचा गुणधर्म समजली जाणारी राशी मापनाच्या परिस्थितीवर अवलंबून निघाली.

तथापि प्रत्यक्षातील सापळ्यांची खोली सान्त असल्याने ही शेपटीही कोठेतरी तुटतेच. ती मर्यादा न तपासता आलेखावरील सरळ रेषेवरच विसंबणारे विवेचन अपुरे समजले पाहिजे.