पट, ताबा आणि पिंजरा

जाळीच्या पिंजऱ्यात होणाऱ्या मिश्र युद्धकलांच्या लढतीत, म्हणजे एमएमएत, सर्वांत चांगली कुस्ती कोणाची हा वाद पदके मोजून सुटत नाही. या खेळात कुस्तीगिराला आधी ठोसे-लाथांच्या माऱ्यातून वाट काढत प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला भिडावे लागते. मग पट काढून, कंबर धरून किंवा टांग मारून त्याला खाली घ्यावे लागते. खाली घेतल्यावर कुस्ती संपत नाही, खरे काम तिथून सुरू होते. त्याला उठू न देता वरून ठोसे मारायचे किंवा गळा, हात, पाय आवळून हार कबूल करायला लावायची. आणि डाव उलटला, तर हे सगळे स्वतःवर होऊ न देता पुन्हा उभे राहायचे. ऑलिंपिकची कुस्ती यांपैकी खाली घेण्याची परीक्षा अतिशय कठोरपणे घेते. भिडण्याची परीक्षा ती ठोशांविना घेते आणि खाली दाबून ठेवण्याची जवळजवळ घेतच नाही, कारण काही सेकंदांत गुण मिळाले नाहीत तर पंच दोघांना उभे करतो. वाद घालणाऱ्यांपैकी कोणी खाली घेणे मोजतो, कोणी ताबा मोजतो, त्यामुळे उत्तरे जुळत नाहीत.

नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे यूएफसी या एमएमए संस्थेची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा कुस्ती हा या खेळाचा पाया ठरेल असे कोणाला वाटले नव्हते. ती स्पर्धा ब्राझीलच्या रॉइस ग्रेसीने ज्यु-जित्सूच्या जोरावर जिंकली. १९९४ च्या डिसेंबरमध्ये डॅन सेव्हर्न हा कसलेला अमेरिकन मल्ल अंतिम फेरीत ग्रेसीला बराच वेळ खाली दाबून होता. तरीही खालून टाकलेल्या पायांच्या त्रिकोणी फासात तो सापडला आणि हरला. वरचा मल्ल जिंकतच असतो, ही कुस्तीच्या जगातली समजूत त्या रात्री खोटी ठरली. त्या पराभवाचे उत्तर १९९६ मध्ये मार्क कोलमनने दिले. ओहायो स्टेट विद्यापीठाचा हा मल्ल बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळला होता. फास शिकण्यात वेळ न घालवता त्याने प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन वरून ठोसे मारण्याचे साधे, निर्दय तंत्र बसवले आणि पुढच्याच वर्षी तो यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला. अमेरिकन कुस्तीचे या खेळातले राज्य तिथून सुरू झाले.

हे राज्य टिकण्याचे कारण अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीत आहे. तिथे प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून ठेवल्याच्या वेळेचाही गुण मिळतो आणि खालच्या मल्लाला निसटल्याचा गुण मिळतो. म्हणजे दाबणे आणि उठणे ही दोन्ही कामे तिथला मुलगा शाळेपासून रोज करतो. ऑलिंपिक पद्धतीत वाढलेल्या मल्लाला ती पिंजऱ्यात येऊन शिकावी लागतात.

पदकांचा हिशेब कसा फसतो, याची उदाहरणे ठळक आहेत. हेन्री सेहुडोने २००८ मध्ये बीजिंगला ५५ किलो गटात फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. २०१६ मध्ये यूएफसी विजेता डिमिट्रियस जॉन्सनने त्याला पहिल्याच फेरीत जवळच्या पकडीतून गुडघे मारून संपवले. दोन वर्षांनी सेहुडोने त्याच जॉन्सनला हरवून विजेतेपद घेतले. त्या दोन वर्षांत त्याची पिंजऱ्यातली कुस्ती बदलली होती, ऑलिंपिक पदक तेच होते. क्युबाच्या योएल रोमेरोकडे सिडनी ऑलिंपिकचे रौप्यपदक होते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट व्हिटेकरने त्याचे खाली घेण्याचे बहुतेक प्रयत्न हाणून पाडले. बेन ॲस्क्रन हा दोन वेळचा महाविद्यालयीन विजेता आणि ऑलिंपिकपटू. २०१९ मध्ये पट काढायला वाकलेला असताना होर्हे मास्विदालचा उडता गुडघा त्याच्या डोक्यावर बसला आणि लढत पाच सेकंदांत संपली. ॲस्क्रनची खालची कुस्ती अप्रतिम होती. तिथवर पोहोचण्याची वाटच त्याला मिळाली नाही.

याच्या उलट कॅनडाचा जॉर्ज सेंट-पिएर. तो कराटेतून आला होता, लहानपणी त्याने कुस्ती केली नव्हती. माँट्रियलमध्ये तो कॅनडाच्या राष्ट्रीय मल्लांबरोबर सराव करत राहिला आणि २००७ मध्ये जॉश कॉशेक या माजी महाविद्यालयीन विजेत्याला त्याने कुस्तीतच मागे टाकले. त्याचे मर्म वेळ साधण्यात होते. समोरचा ठोसा मारायला पुढे येई, वजन पुढच्या पायावर जाई आणि नेमक्या त्या क्षणी सेंट-पिएर दुहेरी पटात शिरे. ठोशाच्या आडून पट काढण्याची ही कला त्याच्याइतकी पक्की फार थोड्यांना जमली. निव्वळ भिडण्याच्या कामात त्याला पहिला क्रमांक देणे योग्य ठरेल. कारकिर्दीत सर्वाधिक वेळा खाली घेण्याचा त्याचा विक्रम पुढे जॉर्जियाच्या मेरब द्वालिश्विलीने मोडला. मात्र मेरबची रीत वेगळी आहे. तो न थकता पुन्हापुन्हा शिरतो. एक पट फसला तर त्यातून दुसरा काढतो. पडलेला माणूस उठला तरी त्याला फिकीर नसते, कारण उठण्यात त्याचा दम गेलेला असतो.

तरीही चारही कामे एकत्र धरली, तर निकाल दागेस्तानच्या बाजूने द्यावा लागतो. कॉकेशस पर्वतातील या छोट्या रशियन प्रजासत्ताकाने जगाला बुवैसार सैतियेव आणि अब्दुलरशीद सादुलायेव यांच्यासारखे ऑलिंपिक विजेते दिले. पण एमएमएत ज्याचे नाव झाले त्या खबीब नुरमागोमेदोवकडे ऑलिंपिक पदक नाही. वडील अब्दुलमनाप यांच्या हाताखाली तो कुस्ती, ज्युडो आणि कॉम्बॅट सांबो शिकला आणि २९ लढतींत एकदाही न हरता २०२० मध्ये निवृत्त झाला. २०१३ मध्ये एबल ट्रुहियोला त्याने एका लढतीत २१ वेळा खाली घेतले होते. आकड्यापेक्षा त्याची रीत महत्त्वाची आहे. पिंजऱ्याच्या जाळीला पाठ लावून उठणे हा खालच्या खेळाडूचा हमखास उपाय मानला जाई. खबीबने त्या जाळीलाच आपले हत्यार केले. जाळीला टेकलेल्या माणसाचे दोन्ही पाय तो आपल्या पायांच्या कैचीत बांधी आणि त्याचे मनगट पाठीमागे ओढून धरी. मग उरलेल्या एका हाताने त्या माणसाला एकतर जमिनीचा आधार घ्यावा लागे किंवा तोंड वाचवावे लागे. त्याचा सहकारी इस्लाम मखाचेव याने हीच कुस्ती अधिक नेटकी केली आणि २०२२ मध्ये लाइटवेट, तर २०२५ मध्ये वेल्टरवेट विजेतेपद घेतले. दागेस्तानचे श्रेष्ठत्व एका माणसाचे नाही, शिकवणीचे आहे, याचा हा पुरावा आहे.

या निकालावर आक्षेप घेता येतात, कारण दागेस्तानबाहेरच्यांनीही मोठ्या कुस्तीगिरांना खाली घेतले आहे. जॉन जोन्सने २०१५ मध्ये डॅनियल कॉर्मिए या ऑलिंपिकमधील चौथ्या क्रमांकाच्या मल्लाला खाली घेतले होते, तेही लांब हातांच्या आणि पकडीतल्या कोपरांच्या जोरावर. कमारू उस्मानला यूएफसीत कोणी खाली घेऊ शकले नव्हते. ते ऑगस्ट २०२२ मध्ये लिऑन एडवर्ड्सने पहिल्याच फेरीत केले, आणि तो तर उभ्याने लढणारा म्हणून ओळखला जाई. शिवाय २०१७ पासून अमलात आलेल्या सुधारित गुणदान निकषांनी नुसत्या खाली घेण्याचे मोल कमी केले आहे. खाली घेऊन इजा केली किंवा फास टाकण्याची संधी निर्माण केली, तरच पंच ते धरतात. हा बदल दागेस्तानच्या पथ्यावरच पडला, कारण त्यांची कुस्ती पाडण्यावर थांबत नाही.

महाराष्ट्राने हा वाद बाहेरून पाहण्याचे कारण नाही. ठोसा आणि पकड एकत्र आणणारी कुस्ती मराठी राजवटीत खेळली गेली आहे. बडोद्यात खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६० च्या दशकात, मुठीवर शिंगाची नखे बांधून मल्ल भिडत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. वज्रमुष्टीचा हा क्रूर प्रकार संपला ते योग्यच झाले. पुढे कुस्तीला खरा राजाश्रय कोल्हापुरात मिळाला. शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान खुले झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींतून पिढ्यानपिढ्या मल्ल घडले.

त्या मातीतल्या कुस्तीचा एक गुण पिंजऱ्याच्या चर्चेत कोणी लक्षात घेत नाही. जुनी निकाली कुस्ती गुणांवर चालत नसे. प्रतिस्पर्ध्याला खाली घेतल्यावर पंच त्याला सोडवायला येत नसे. वरचा मल्ल कब्जा घेऊन सवारी कसी, मानेवर दाब देई, घिस्सा, हप्ता किंवा मोळी बांधण्यासाठी त्याला आधी दमवी. खालचा अंग चोरून, कोपर आवळून बसे आणि निसटण्याची वाट पाही. ताबा ठेवण्याची ही दीर्घ तपश्चर्या ऑलिंपिक मॅटपेक्षा पिंजऱ्याला अधिक जवळची आहे. त्या अर्थाने जुना वस्ताद खबीबची कुस्ती पाहताच ओळखेल.

पण तीच माती दोन घातक सवयीही लावते. मल्लाला पाठ मातीला लावायची नसते, म्हणून तो खाली जाताच पालथा होतो. एमएमएत पालथ्या माणसाची पाठ म्हणजे मागून गळा आवळण्याचे उघडे दार. पट काढताना मान पुढे देण्याची सवय दुसरी. महाराष्ट्राचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. भारतातून तिथवर पोहोचलेला तो पहिला लढवय्या. चीनच्या सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत पुढून मानेला फास घालून हरवले. त्या पराभवात खंडारेच्या हिमतीला उणेपणा नाही. आजही मॅटवरून येणाऱ्या मुलांना हा फास सर्वांत आधी शिकवायला हवा. हरियाणाची कुस्तीगीर रितू फोगट हिची वाटही अशीच अडली. ती वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या स्पर्धेत डिसेंबर २०२१ च्या अंतिम लढतीपर्यंत गेली आणि थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तिचा हात आवळून तिला हरवले. भारतीय वंशाचा कॅनडाचा मल्ल अर्जन भुल्लर मात्र २०२१ मध्ये त्याच संस्थेचा हेवीवेट विजेता झाला. त्याच्याकडे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक होते, आणि ठोसेबाजी व फास शिकण्यासाठी त्याने अनेक वर्षे दिली होती.

एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जायला वर्षे लागतात, हे महाराष्ट्राला खाशाबा जाधवांनी दाखवले आहे. गोळेश्वरचा हा मातीतला मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. मॅट आणि तिचे नियम आत्मसात करून १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याने कांस्यपदक आणले. राहुल आवारेने २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकले तेही वर्षानुवर्षे मॅटवर घाम गाळूनच. पिंजरा हा तसाच तिसरा पृष्ठभाग आहे आणि तिथे जाण्याची व्यवस्था राज्यात उभी राहिलेली नाही. १९६१ पासून चालत आलेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा, यात्रांची मैदाने, त्यांचे इनाम आणि त्यापुढे पोलीस दलातली नोकरी, हा मल्लाचा ठरलेला मार्ग आहे. नरसिंग यादव, विजय चौधरी आणि राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाले. स्थिर पोटापाण्याची हमी देणारा हा मार्ग सोडून बेभरवशाच्या व्यवसायात पडायला मल्ल तयार नाहीत, यात त्यांचा दोष नाही. दुसरी अडचण वजनाची. महाराष्ट्र केसरीची मानाची गदा ८६ ते १२५ किलोच्या गटात मिळते, म्हणून तालमीची प्रतिष्ठा भारी अंगाभोवती जमते. भारतीय खेळाडूंना एमएमएत संधी आहे ती मुख्यतः ७० किलोंच्या खालच्या गटांत.

घाटाखाली चित्र आणखी वेगळे आहे. जयगडपासून राजापूरपर्यंतच्या रत्नागिरी किनाऱ्यावर तालमीपेक्षा कबड्डीचे मैदान अधिक रुजले. कुस्तीच्या वादात कबड्डीचे नाव निघत नाही, पण निघायला हवे. बचावपटू चढाईपटूचा घोटा, मांडी किंवा कंबर धरतो ती स्थिर उभ्या माणसाची नसते. समोरचा सतत हलत असतो, पाय फेकत असतो आणि चूक झाली तर लगेच गुण जातो. धावत्या पायाचा नेमका क्षण पकडून आत शिरणे हेच सेंट-पिएरचे बलस्थान होते. पकडीत सापडलेला चढाईपटू रेषेकडे अंग झोकून देत सुटायला पाहतो. उठण्याची आणि निसटण्याची धडपड त्याच्या अंगात अशी लहानपणीच मुरते. जयगडच्या मुलाला पिंजऱ्यात उतरायचे असेल, तर कोल्हापूरच्या मल्लाकडे नसलेली ही दोन कामे त्याला आधीच येतात. ताब्याची कुस्ती त्याला घाटावरच्या वस्तादाकडून घ्यावी लागेल. जाळीजवळचा खेळ, मानेचा बचाव आणि खालून फास टाकणाऱ्यापासून हात वाचवणे या तीन गोष्टी मात्र दोघांनाही नव्याने शिकाव्या लागतील.