हुबेहूब चिखल: छोट्या रणगाड्यांकडे कसं बघावं

(व्याख्यानमालेतलं चौथं पुष्प. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. चित्राची समीक्षा होते, नाटकाची होते, पण प्लास्टिकच्या रणगाड्यांची कसली समीक्षा? आता बघा, जगभर कितीतरी प्रौढ माणसं रात्रीची जेवणं उरकली की टेबलाशी बसतात आणि बोटाएवढ्या सैनिकाच्या कॉलरवर अर्धा अर्धा तास घालवतात. त्यांच्या स्पर्धा भरतात, परीक्षक असतात, घराणी आहेत आणि घराण्यांची भांडणंही आहेत. कलेला जे लागतं ते बहुतेक सगळं तिथे आहे. त्याबद्दल बोलायची भाषा मात्र फार तोकडी. मॉडेल चांगलं झालं की एकच शब्द निघतो, ‘हुबेहूब’. मला आज या शब्दाशी जरा भांडायचं आहे.

आधी प्रमाण घेऊ. रणगाड्यांची मॉडेलं बहुतेक १/३५ या प्रमाणात असतात, म्हणजे खऱ्या गाडीचा पस्तिसावा भाग. आता पस्तीसच का? विमानांसाठी १/७२ आहे, त्यात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो, हिशेब कळतो. १/४८ मध्ये एका फुटाला पाव इंच, तेही कळतं. पस्तिसाला असा काही हिशेब नाही. जपानमधल्या शिझुओकाची तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली, पुढे लाकडी मॉडेलं करू लागली आणि मग प्लास्टिककडे वळली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाडा काढला. तो टेबलावर चालणारा होता, पोटात मोटर आणि दोन बॅटऱ्या. बॅटऱ्या मावतील अशा बेताने गाडी आखली, आणि नंतर मोजून बघितलं तर प्रमाण १/३५ च्या आसपास निघालं. मोटर गेली, बॅटऱ्या गेल्या, प्रमाण राहिलं. मग बाकीच्या कंपन्यांनीही तेच उचललं.

हे मी चेष्टेने सांगत नाही. त्याच तामियाचे शुनसाकू तामिया १९६६ मध्ये कॅमेरा घेऊन अमेरिकेतल्या अ‍ॅबर्डीनच्या रणगाडा संग्रहात गेले आणि भरपूर फोटो काढून आणले. पुढे १/१२ प्रमाणातली पोर्शे ९११ करायची म्हणून कंपनीने खरी पोर्शे विकत घेतली आणि सुटी करून बघितली. ही अचूकता खरी आहे, तिला माझा नमस्कार. पण ती साच्यातली आहे. खोक्यातून निघतं ते एका रंगाचं कोरडं प्लास्टिक. ते ‘खरं’ दिसायला लागतं ते रंगवणाऱ्याच्या हातून, आणि तो जे करतो त्याचा अचूकतेशी संबंध बराच सैल आहे.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यात प्रमाणाची कुणी पर्वा करत नाही. महाराज बुरुजाएवढे, मावळा दरवाज्यापेक्षा उंच, शेजारी वाघ, गवळण आणि कुठून तरी आलेला एक पोलीस. अळिवाचं गवत म्हणजे त्या मावळ्यांच्या मानाने अरण्यच! तरी कुणाला खटकत नाही, कारण तिथे आकार मानावरून ठरतो, मापावरून नाही. १/३५ वाला माणूस हे बघून हसेल. पण त्याच्या सैनिकाच्या चेहऱ्याकडे या, मग बघू.

या प्रमाणात उभा सैनिक साधारण पाच सेंटिमीटरचा. तो आपण तीस सेंटिमीटरवरून बघतो. तिसाला पस्तिसाने गुणा. म्हणजे खऱ्या माणसाकडे साडेदहा मीटरवरून बघावं तसं आपण त्याच्याकडे बघतोय. तिकडे मागच्या भिंतीशी उभे आहेत त्यांचे डोळे मला इथून दिसतात का? भुवईखाली एक गडद रेघ दिसते, बस्. नवखा माणूस पांढरं बुबुळ रंगवतो, त्यावर काळा ठिपका ठेवतो आणि सैनिक भूत बघितल्यासारखा दिसायला लागतो. जाणता रंगारी भुवईखाली सावली घालून सोडून देतो. निदान सोडून देत असे. स्पर्धेत परीक्षक वाकून, भिंग लावून बघायला लागले आणि डोळे परत आले. आता तर बुबुळात प्रकाशाचा कवडसासुद्धा असतो. कौशल्य अचाट आहे, पण ते दहा मीटरवरच्या माणसाचं चित्र राहिलेलं नाही.

उजेडाची गोष्ट त्याहून मजेची. मूर्ती त्रिमित आहे, तिच्यावर खरा दिवा पडतो, मग रंगारी वर सावल्या का रंगवतो? कारण सगळं पस्तीस पटींनी लहान करता येतं, उजेड करता येत नाही. कोटाची घडी अर्ध्या मिलिमीटरची असेल तर खोलीतल्या ट्यूबच्या उजेडात ती जवळपास सपाटच दिसते. म्हणून वरच्या बाजूला फिका रंग, खालच्या बाजूला गडद, जणू सूर्य डोक्यावर आहे. जुन्या संगीत नाटकांतल्या नटाची रंगभूषा आठवा. ती विंगेत जवळून बघितली तर भडक, पण शेवटच्या रांगेतून चेहरा जिवंत. हे तेच काम आहे. आणि रंगभूषेला आपण कधी ‘हुबेहूब’ म्हणत नाही.

आता चिखल. या छंदात सगळ्यात जास्त पैसा, वेळ आणि अभिमान कशात असेल तर वेदरिंगमध्ये. गाडी मळवणं, झिजवणं, गंजवणं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शेपर्ड पेन नावाच्या कलाकाराने मोनोग्रॅम कंपनीच्या किटांसोबत येणाऱ्या पत्रकांसाठी देखावे केले आणि ते कसे केले तेही सांगितलं. त्याने लोकांना शिकवलं की मॉडेल ही एक गोष्ट असते, आणि मळ हा त्या गोष्टीतला पुरावा. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडनने पातळ गडद रंगाचे वॉश आणि कोरड्या ब्रशने उजळलेल्या कडा यांतून एक ठसठशीत शैली लोकप्रिय केली. मग या शतकात स्पेनचा मिग हिमेनेझ आणि त्याच्या आसपासची मंडळी आली. रणगाड्याचा प्रत्येक पत्रा स्वतंत्र, वरून उजळ आणि खाली गडद, त्यावर रंगाचे टवके, गंजाचे ओघळ, तेलाचे डाग. आज चिखल बाटलीत मिळतो. ‘रशियन माती’, ‘उत्तर आफ्रिकेची धूळ’ अशी लेबलं लावून रंगपूड विकली गेली आहे.

चित्र म्हणून ही शैली मला मनापासून आवडते. चांगल्या हाताखालचा तो हिरवा-पिवळा-तांबूस पत्रा बघत बसावंसं वाटतं. पण ती वास्तवाची नक्कल आहे, असं कुणी म्हणालं की मी पट्टी काढतो. मॉडेलवरचा अर्धा मिलिमीटरचा टवका खऱ्या गाडीवर साडेसतरा मिलिमीटरचा होतो. तसे शेकडो टवके प्रत्येक कडेवर! आणि गंजायला सवड लागते. शेवटच्या वर्षांतले कितीतरी रणगाडे कारखान्यातून निघाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जळून गेले. म्हणजे बऱ्याचदा होतं काय, की युद्ध संपल्यावर शेतात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सांगाड्याचं रूप धावत्या गाडीवर चढवलं जातं. गाडी लढते आहे आणि तिचे अवशेषही झालेले आहेत. दोन काळ एकमेकांवर रंगवले आहेत. एखाद्या चित्रकाराने हे जाणूनबुजून केलं असतं तर आपण त्यावर लेख लिहिले असते. इथे मात्र त्याला ‘संशोधन’ म्हणतात.

उलट टोकही बघा. अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे सेंच्युरियन आहे, ६५ च्या लढाईत हाती आलेले पॅटन आहेत. संग्रहालयांतल्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी देखभालीसाठी वरचेवर रंग दिला जातो, त्यामुळे त्या नव्याकोऱ्या दिसतात. तशीच्या तशी नक्कल करून कुणी स्पर्धेत ठेवली तर परीक्षक म्हणतील, ‘खेळण्यासारखी दिसते.’ खरी वस्तू समोर असून खोटी ठरते!

एवढ्यावर भागलं असतं तर हा नुसता तंत्राचा वाद होता. पण या सगळ्या मळात एक गोष्ट जवळजवळ कधीच नसते, ती म्हणजे रक्त. दुकानातल्या फळीवर नजर टाका. जर्मन टायगर रणगाडा, पहिल्या प्रकारचा, साधारण साडेतेराशे बनले. सोव्हिएत टी-३४ युद्धाच्या काळातच पन्नास हजारांहून जास्त. फळीवर मात्र टायगरचा रुबाब कुणालाच नाही. सोबतचे सैनिक नकाशा बघतात, सिगारेट ओढतात, पट्टा दुरुस्त करतात, कोंबडी पकडतात. मेलेला माणूस खोक्यात क्वचितच. जर्मनीत कायद्याने स्वस्तिकचिन्हावर बंदी आहे, म्हणून तिथे जाणाऱ्या खोक्यांवरच्या विमानाचं शेपूट कोरं असतं आणि डिकलमधलं चिन्ह वगळलेलं किंवा तुकड्यांत छापलेलं असतं. चिन्ह पुसलं, यंत्र ठेवलं. पत्र्याची जखम इतक्या प्रेमाने रंगवणारी कला माणसाच्या जखमेपाशी आली की अचानक सभ्य होते. मला हे खटकतं.

याला उत्तर म्हणून इंग्लंडच्या जेक आणि डायनोस चॅपमन या भावांची ‘हेल’ ही कलाकृती दाखवतात. नऊ काचपेट्या स्वस्तिकाच्या आकारात मांडलेल्या, आत हजारो चिमुकल्या मूर्ती, नाझी सैनिक आणि त्यांचे हालहाल करणारे विकृत देह. २००४ साली पूर्व लंडनमधल्या एका गोदामाच्या आगीत ती जळाली. मग त्यांनी ती आणखी मोठी करून पुन्हा बनवली. दुसऱ्या आवृत्तीचं नाव मी या सभागृहात घेत नाही. (हशा) छंदाने जे दडवलं ते त्यांनी ओतलं, हे खरं. पण हजार प्रेतांनंतर नजर बधिर होते, आणि आपण ‘केवढी मेहनत!’ एवढंच म्हणतो. म्हणजे फिरून ‘हुबेहूब’च्या शेजारी.

मला जास्त बोलायचं आहे ते एका साध्या किटबद्दल. कीव्ह शहरातल्या आयसीएम कंपनीने अलीकडच्या वर्षांत चेर्नोबिलवर एक मालिका काढली. अग्निशमन गाडी, जवान, आणि एका संचात छतावरचा ढिगारा उपसणारी माणसं. २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर अणुभट्टीतले ग्रॅफाइटचे तुकडे छतावर पडले होते. यंत्रं तिथे टिकेनात, म्हणून माणसं पाठवली. अंगावर शिशाचे पत्रे बांधायचे, पळत जायचं, एखाद-दोन फावडी ढकलायची, मिनिट-दोन मिनिटांत परत. या मूर्ती कुणाला मारत नाहीत. हातात फावडी आहेत. आणि इथे वेदरिंगची सगळी विद्या थिटी पडते, कारण त्यांना जे मारणार आहे त्याला रंगच नाही. धूळ रंगवाल, शिशाचा करडा रंगवाल, पण किरणोत्सार कुठल्या बाटलीतून आणाल?

या संचावर काम करणारा रंगारी दोनच गोष्टी करू शकतो. एक, त्यांनाही गंज-ओघळ लावून ‘दृश्य’ करायचं. मग ते खाणकामगार दिसतात. दुसरी, जवळजवळ काहीच करायचं नाही. कपडे स्वच्छच ठेवायचे, कारण ते छतावर मिनिटभरच होते, आणि सगळं वजन पाठीच्या बाकात, घाईत टाकलेल्या पावलात राहू द्यायचं. मी दुसरीच्या बाजूने आहे. चेर्नोबिल कीव्हपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. साचा करणाऱ्यांसाठी ही परदेशातली लढाई नव्हती, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन सैन्याने तो प्रकल्प ताब्यात घेतला तेव्हा तर नाहीच.

(श्रोत्यांतून प्रश्न: नातवाला हा छंद लावायचा आहे. रणगाड्यापासून सुरुवात नको, असं तुमचं म्हणणं आहे का?)

नाही नाही, रणगाडा जरूर द्या काका, मुलांना तो आवडतोच. फक्त सोबत एखादा ट्रॅक्टरही द्या. ब्रिटनच्या एअरफिक्सने चाळिसच्या दशकाच्या अखेरीस जे पहिलं मॉडेल काढलं ते फर्ग्युसन ट्रॅक्टरचं होतं, कंपनीच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे ठेवायला. ट्रॅक्टरला चिखल कुठे लागतो हे आपल्या मुलांना पुस्तकात बघावं लागत नाही. चाकाला लागतो, मडगार्डच्या आतून लागतो, आणि बसायची जागा घासून चकचकीत होते. त्याला सांगा, आधी गावी जाऊन खरा ट्रॅक्टर बघ, मग ब्रश उचल. डोळे मात्र रंगवू देऊ नका!

(हशा)

हं, पलीकडून कुणाचा तरी हात वर आहे.