चित्रात न दिसणारे इंजिन

‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ (२०११) या संगणकीय खेळात आम्ही १९४० चे स्पिटफायर उडवले. नाक झटकन खाली दाबताच इंजिन अडखळले. हा खेळाचा दोष नव्हे. मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधील इंधन अशा वेळी वर उसळे, पुरवठा क्षणभर तुटे. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे जर्मन मेसरश्मिट तेवढ्यात निसटे. १९४१ मध्ये बिॲट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने भोक पाडलेल्या साध्या चकतीने यावर बराचसा इलाज केला.

खेळ हे भौतिकशास्त्र प्रामाणिकपणे दाखवतो. पण खेळाडू एकमेकांना दाखवतात ती पडद्यावरची चित्रे म्हणजे ढग, ऊन, चकाकते पंख. त्यांत इंजिन कधीच अडखळत नाही. विद्यार्थ्यांनी चित्र जरूर आणावे. मात्र त्याखाली उंची, वेग आणि त्या क्षणी इंजिनाचे काय चालले होते, हेही लिहावे.