प्रतिभा एकाची, अभ्यास दुसऱ्यांचा : कॅप्टन बीफहार्ट आणि 'ट्राउट मास्क रेप्लिका'



आजचा विषय अमेरिकन रॉक संगीतातला एक माणूस आहे, डॉन व्हान व्लीट. जग त्याला कॅप्टन बीफहार्ट या नावानं ओळखतं. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं रॉकवर कशाला बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. कारण साधं आहे. 'कलाकार आणि कलाकृती वेगळी करावी का?' हा प्रश्न हल्ली या ना त्या निमित्तानं सारखा आपल्यापुढे येतो. माझं म्हणणं असं की तो विचारताना आपण एक पायरी गाळतो. आधी विचारायला हवं, की कलाकार कोण? बीफहार्टच्या एका ध्वनिमुद्रिकेवरून ही गाळलेली पायरी फार स्वच्छ दिसते.

आधी थोडं चरित्र सांगतो. व्हान व्लीटचा जन्म 15 जानेवारी 1941 चा, कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल इथला. लहानपणी त्याला शिल्पकलेत विलक्षण गती होती. पुढे कुटुंब मोहावी वाळवंटाच्या कडेला, लँकेस्टर नावाच्या गावी राहायला गेलं. तिथे शाळेत त्याला फ्रँक झॅपा भेटला, आणि दोघं तासन्‌तास ब्लूजच्या तबकड्या ऐकत बसायचे. व्हान व्लीटचा आवाज म्हणजे खरोखर एक प्रकरण होतं. हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकासारखा खरखरीत, खोल, आणि मध्येच कुठच्या कुठे वर जाणारा. साठच्या दशकाच्या मध्याला 'मॅजिक बँड' उभा राहिला. 1967 साली 'सेफ अ‍ॅज मिल्क' हा त्यांचा पहिला अल्बम आला. त्यात गिटारवर रे कूडर होता. हो, तोच कूडर, ज्यानं पुढे आपल्या विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबर 'अ मीटिंग बाय द रिव्हर' केला. हा पहिला अल्बम वेगळा आहे, पण ब्लूजची ओळख ठेवून आहे.

मग आलं 1969 साल आणि 'ट्राउट मास्क रेप्लिका'. दोन तबकड्या, 28 तुकडे, आणि निर्माता फ्रँक झॅपा.

हे संगीत ऐकायला कसं आहे? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, चार माणसं चार खोल्यांत बसून आपापलं काहीतरी वाजवताहेत. पण तसं नाही. समजा, एक गिटार पाच मात्रांचं एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतेय आणि दुसरी सात मात्रांचं. दोघींची सुरुवात पुन्हा एकत्र यायला पस्तीस मात्रा लागतील. सम कुठे येणार हे आपल्याला ठाऊक असतं, तर आपण तेवढा वेळ थांबूही. बीफहार्ट थांबत नाही. ती वाक्यं जुळण्याआधीच तुकडा कापला जातो आणि सगळे एका क्षणी नव्या वाक्यावर उडी मारतात. ही 'एका क्षणी' गोष्ट लक्षात ठेवा. अराजक वाटणाऱ्या या संगीतात सगळे वादक एकाच जागी वळतात, दर वेळी. ज्याला आपण गोंधळ म्हणतो तो पाठ केलेला आहे.

पाठ कोणी केला? इथून खरी गोष्ट सुरू होते.

लॉस एंजेलिसजवळ वुडलँड हिल्स भागात एक भाड्याचं घर होतं. तिथे बँडनं सुमारे आठ महिने राहून तालीम केली. ड्रमवर जॉन फ्रेंच, गिटारवर बिल हार्कलरोड आणि जेफ कॉटन, बासवर मार्क बॉस्टन, शिवाय व्हान व्लीटचा चुलत नात्यातला व्हिक्टर हेडन. वादक विशीच्या आसपासची मुलं, व्हान व्लीट त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. तो रचना करायचा पियानोवर, आणि पियानो त्याला येत नव्हता. बोटं पडतील तशी पडायची, त्यातून एखादी चमकदार ओळ निघायची. शिट्टी वाजवून, गुणगुणूनही तो काही सुचवायचा. ते सगळं जॉन फ्रेंच टिपून घ्यायचा, पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवायचा. कुठली ओळ कुठल्या वाद्याला द्यायची, ती किती वेळा म्हणायची, कशाला काय जोडायचं, यातलंही पुष्कळ तोच ठरवायचा आणि मग बाकीच्यांकडून बसवून घ्यायचा. आठ महिन्यांनंतर स्टुडिओत गेल्यावर या मुलांनी सुमारे वीस तुकडे काही तासांच्या एकाच बैठकीत वाजवून टाकले! इतकी तयारी.

आणि गाणारा? असं सांगितलं जातं की व्हान व्लीटनं गाताना हेडफोन नाकारले. काचेपलीकडून झिरपेल तेवढंच ऐकत तो मुद्रित संगीतावर गायला. म्हणून त्याचा आवाज वाद्यांच्या जरा मागेपुढे तरंगतो. रसिक याला मुक्तपणा म्हणतात. असेल. पण मग नीट बघा, या ध्वनिमुद्रिकेत मुक्त कोण आहे? एकच माणूस. बाकीचे केसाइतकेही इकडेतिकडे हलत नाहीत. त्याची मोकळीक त्यांच्या शिस्तीवर उभी आहे.

बाहेर मात्र दंतकथा वेगळी पोचली. व्हान व्लीटनं मुलाखतींतून सांगितलं की हे सगळं आपण साडेआठ तासांत रचलं, आणि वादकांना वाजवायलाही आपणच शिकवलं. लोकांना ते आवडलं. वाळवंटातून आलेला, संगीत न शिकलेला, एका झटक्यात सृष्टी निर्माण करणारा माणूस कोणाला नको असतो? दुसरी बाजू पुस्तकरूपानं यायला फार वर्षं लागली. हार्कलरोडचं 'लूनर नोट्स' 1998 साली आलं, फ्रेंचचं जाडजूड आत्मकथन 2010 साली. दोघांच्या आठवणींतलं घर एखाद्या पंथासारखं आहे. रोज एकाला लक्ष्य करायचं, तासन्‌तास त्याची झाडाझडती घ्यायची, तो मोडेपर्यंत. पैसे नाहीत, खायला नाही. एका काळात दिवसाला वाटीभर सोयाबीनवर राहिल्याचं फ्रेंच सांगतो. खाण्याच्या वस्तू चोरताना मुलं पकडलीही गेली. मारहाणही झाली, आणि जेफ कॉटन पुढे बँड सोडून गेला. फ्रेंचचं काय झालं? मुद्रण पार पडल्यावर त्याला हाकलण्यात आलं, आणि अल्बम आला तेव्हा श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं. ज्यानं ड्रम वाजवले, ज्याच्या हातानं ते संगीत कागदावर आलं, त्याचं नाव नाही. 'रचना : डॉन व्हान व्लीट'. संपलं.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ, म्हणजे माझ्या घरी.

कांटनं 1790 च्या ग्रंथात प्रतिभेची प्रसिद्ध व्याख्या केली : प्रतिभा म्हणजे कलेला नियम देणारी शक्ती. आणि तो असंही म्हणाला की आपण हे कसं केलं ते प्रतिभावंताला स्वतःला सांगता येत नाही. बीफहार्ट यात अगदी चपखल बसतो. पण न सांगता येणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजायची असेल, तर ती सांगता येण्याजोगी कोणीतरी करावी लागते ना? पियानोवर पडलेली बोटं हवेत विरून जातात. फ्रेंचनं ती लिहिली म्हणून तिला नियम आला. कांटच्या व्याख्येत या माणसाला खुर्ची नाही.

आपल्याकडे मात्र आहे. मम्मट अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त सांगतो की काव्य जन्माला येण्यासाठी शक्ती म्हणजे प्रतिभा, निपुणता म्हणजे व्युत्पत्ती, आणि अभ्यास, हे तीन लागतात. आणि तो एक बारीक गोष्ट बजावतो. ही तीन कारणं नव्हेत, तिघं मिळून एक कारण आहे. शब्द एकवचनी आहे, हेतू, अनेकवचनी नाही. मम्मटापुढे एकटा कवी होता, म्हणून तिन्ही गोष्टी एकाच देहात असतात असं त्यानं धरलं. पण वुडलँड हिल्सच्या त्या घरात त्या वाटल्या गेल्या होत्या. शक्ती एकाकडे, निपुणता फ्रेंचकडे, अभ्यास सगळ्या मुलांकडे. मम्मटाचं म्हणणं खरं मानलं तर कारण एकच राहतं. ते फक्त पाच-सहा देहांत पसरलं. मग त्यातल्या एका देहावर पूर्ण मालकीची पाटी लावणं हे केवळ अन्यायाचं नाही, ते चुकीचं वर्णन आहे. टीकाकार म्हणून माझी पहिली तक्रार ही आहे. नैतिक तक्रार त्यानंतरची.

ती नैतिक तक्रारही कांटच्याच भाषेत मांडता येते. 1785 च्या पुस्तकात तो सांगतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. एकाच तत्त्वज्ञानं प्रतिभेला सिंहासन दिलं आणि माणसाला साधन करू नका असंही सांगितलं. या घरात पहिला कांट राहत होता, दुसऱ्याला दार बंद होतं.

दोन आक्षेप येतील. पहिला : मुलं स्वतःहून राहिली ना? राहिली. पण वय विशीचं, खिसा रिकामा, बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला, आणि समोर असा माणूस ज्याच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. अशा स्थितीतल्या 'हो'ला आपण पूर्ण संमती म्हणत नाही, निदान म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे : छळ झाला म्हणूनच इतकं मोठं काम झालं. हे तपासता येतं. 'सेफ अ‍ॅज मिल्क' त्या घराआधीचा आहे. 'डॉक अ‍ॅट द रडार स्टेशन' 1980 चा, घराच्या कितीतरी नंतरचा, बऱ्याच नव्या वादकांबरोबर केलेला आणि माझ्या मते तितकाच धारदार. फ्रेंच त्यातही आहे, हे विसरू नका. म्हणजे लागतात त्या गोष्टी प्रतिभा, निपुणता आणि अभ्यास. उपाशी ठेवणं कारणाच्या यादीत नाही. उलट त्याची किंमत मोजावी लागली. 1974 साली दौऱ्याच्या तोंडावर अख्खा बँड सोडून गेला.

1982 च्या 'आइस्क्रीम फॉर क्रो'नंतर व्हान व्लीटनं संगीत सोडलं आणि तो पूर्णवेळ चित्रं काढू लागला. चित्रकार म्हणून त्याला मान मिळाला, न्यूयॉर्कच्या गॅलऱ्यांत प्रदर्शनं झाली. मला यात एक संगती दिसते. कॅनव्हाससमोर माणूस खरोखर एकटा असतो. रंगांना भूक लागत नाही, त्यांना नावही द्यावं लागत नाही. जे एकटेपण त्यानं बँडमध्ये खोटेपणानं मिरवलं, ते चित्रांत खरं होतं. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसनं तो खंगला, आणि 17 डिसेंबर 2010 रोजी गेला. त्या वर्षीच्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 'ट्राउट मास्क रेप्लिका'ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात जागा दिली.

आणखी एक पुरावा आहे. 2003 साली मॅजिक बँड पुन्हा एकत्र आला, व्हान व्लीटशिवाय. जॉन फ्रेंच गायला, मार्क बॉस्टन बासवर होता. त्याच अवघड रचना त्यांनी मंचावर वाजवल्या. आवाज अर्थात तो नव्हता, तो पुन्हा होणारही नाही. पण संगीत उभं राहिलं, कारण ते त्यांच्या हातांत होतं. उलट करून बघा. फ्रेंच नाही, हार्कलरोड नाही, एकटा व्हान व्लीट आणि पियानो. तिथे एक थोर कवी-गायक आहे. 'ट्राउट मास्क' नाही.

याच माणसाला पहिल्यांदा सविस्तर कव्हर करणाऱ्यांत लँग्डन विनर होता, 'रोलिंग स्टोन'मध्ये, 1970 साली. पुढे तो तंत्रज्ञानाचा तत्त्वचिंतक म्हणून नावाला आला. माणसानं घडवलेल्या वस्तूंमध्ये सत्तासंबंध मुरलेले असतात का, हा त्याच्या 1980 च्या गाजलेल्या निबंधाचा प्रश्न. तोच प्रश्न मी या ध्वनिमुद्रिकेला विचारतो, आणि उत्तर हो असं येतं. फक्त ते ऐकायला आवाजाच्या मागे कान न्यावा लागतो.

मग ऐकायचं की नाही? जरूर ऐका. बहिष्कार घातला तर ज्यांचं नाव गाळलं त्यांचं कामही आपण दुसऱ्यांदा गाळतो. पण एकदा असं ऐका : गाणाऱ्याकडे लक्षच देऊ नका. डाव्या-उजव्या बाजूच्या गिटार वेगळ्या करा, त्यांच्या खाली ड्रम शोधा. सगळे एकदम वळतात ती जागा आली की थांबा आणि त्यांची नावं मोठ्यानं घ्या. फ्रेंच, हार्कलरोड, कॉटन, बॉस्टन. कलाकार आणि कलाकृती वेगळी करावी का, या वादात पडायचं असेल तर त्यानंतर पडू. तेव्हा निदान 'कलाकार' हा शब्द उच्चारताना आपण कोणाबद्दल बोलतोय हे आपल्याला ठाऊक असेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.