खिशात दहा रुपये, काखेत सनद

बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या रील बघणाऱ्या कोणालाही ही गोष्ट पाठ असेल. मुलगा शिकारपूरचा, सिंधमधला. शाळेत दोन-दोन इयत्ता एकदम पार करतो, तेराव्या वर्षी मॅट्रिक, सतराव्या वर्षी एलएलबी. फाळणी होते, सगळं जातं. मुंबईत उतरतो तेव्हा खिशात दहा रुपयांची नोट. मग मागचं संगीत चढतं आणि पुढच्या दृश्यात राम जेठमलानी देशातले सगळ्यात महागडे वकील झालेले असतात.

मी ती रील ऑफिसमधल्या मित्राला पाठवली. तो उल्हासनगरचा, कॅम्प चारचा. त्याचं उत्तर आलं, ‘माझ्या आजोबांकडे बारा होते.’

आधी हसलो. मग विठ्ठलवाडी गेलं, अंबरनाथ आलं, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याचे आजोबा सिंधमध्ये कोर्टात कारकून होते. इथे येऊन त्यांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली, नंतर छोटं दुकान टाकलं. दोन रुपये जास्त असूनही त्यांच्यावर रील नाही.

या कथाप्रकाराशी माझं भांडण आहे ते इथेच. माणसाकडे काय नव्हतं हे तो प्रकार मोजून सांगतो, काय होतं ते गाळतो. जेठमलानींकडे मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी होती आणि इंग्रजी होतं. शिवाय कराचीत वकिली केल्याचा अनुभव. एकविसाव्या वर्षाआधी सनद मिळत नसे, तर त्यांनी थेट मुख्य न्यायाधीशांपुढे आपली बाजू मांडून नियमातून सूट मिळवली आणि अठराव्या वर्षी वकील झाले. कराचीतले त्यांचे भागीदार ए. के. ब्रोही. पुढे पाकिस्तानचे कायदामंत्री झाले तेच. 1948च्या सुरुवातीला कराचीत दंगल झाली तेव्हा ‘आता निघ’ असं त्यांना सांगणारे ब्रोहीच होते. हे सगळं त्या दहा रुपयांच्या नोटेत गुंडाळलेलं होतं. सीमेपलीकडे घर नेता येत नाही, दुकान नेता येत नाही. वकिली डोक्यात असते, ती नेता येते. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचंही तेच. लॅपटॉप कंपनीचा, पण कोड लिहिता येणं आपलं. म्हणून तर आम्हाला या गोष्टी इतक्या आवडतात.)

जेठमलानी निर्वासितांच्या छावणीत थोडेच दिवस राहिले. बाकीचे राहिले ते राहिलेच. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बांधलेल्या बराकींमध्ये सुमारे एक लाख सिंधी माणसं भरली गेली. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे कोनशिला बसली आणि त्या छावण्यांचं उल्हासनगर झालं. पाच कॅम्प होते, आजही रिक्षावाल्याला आकडाच सांगावा लागतो.

आता गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, जो रीलमध्ये तीन सेकंदात उरकतात. मुंबई सरकारने निर्वासितांसाठी एक कायदा केला होता, बॉम्बे रेफ्युजीज अ‍ॅक्ट. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. या कायद्यात निर्वासितांना माणसासारखं वागवलेलं नाही, असं म्हणत स्वतः निर्वासित असलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा हा वकील हायकोर्टात गेला आणि जिंकला. भारतातल्या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या केसेसपैकी ही एक. म्हणजे आलेल्या माणसाला या शहरात पहिल्यांदा भिडला तो कायदा होता, आणि त्याने पहिल्यांदा वापरलं तेही कायद्याचंच हत्यार. यात संगीत चढवण्यासारखं काही नाही, म्हणून बहुतेक ते उरकत असावेत.

परक्या गावातून आलेल्या हुशार माणसाची गोष्ट साधारण एकाच ठिकाणी संपते, असं आपण धरून चालतो. मोठी कंपनी, काचेचं केबिन, नावापुढे अध्यक्ष. त्याच काळात मुंबईत असा एक वकील होताही. नानी पालखीवाला, जेठमलानींपेक्षा तीन वर्षांनी मोठे. त्यांचं घरही साधंच, लहानपणी बोलताना अडखळायचे. पण जन्म मुंबईचा आणि पारशी समाजातला. 1944 साली जमशेटजी कांगांच्या चेंबरमध्ये शिरले, 1950 साली आयकर कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आला आणि पुढे वकील राहूनच ते टाटांच्या वर्तुळात पोचले. टाटा सन्सचे संचालक, एसीसीचे अध्यक्ष. आणि माझ्या बॅचमधल्या अर्ध्या मुलांना हे ठाऊक नसतं, पण टीसीएसचेही अध्यक्ष.

जेठमलानी बॉम्बे हाऊसमध्ये गेले नाहीत. नानावटी खटल्यात त्यांचं नाव झालं, पण 1960च्या दशकात त्यांना चिकटलेलं बिरूद होतं ‘स्मगलरांचा वकील’. हाजी मस्तान त्यांचा अशील. हे सांगताना चरित्र लिहिणाऱ्यांना त्यांचा स्वभाव आठवतो. सुसान अ‍ॅडलमन यांच्या 2014च्या चरित्राचं नावच ‘द रिबेल’ आहे. बंडखोर ते होतेच. इंदिरा गांधींच्या मारेकऱ्यांची बाजू मांडणं ही स्वभावाचीच गोष्ट, दुसरं काही त्याचं कारण असू शकत नाही. पण पहिल्या वीस वर्षांचं सगळंच मी स्वभावावर टाकणार नाही. बाहेरून आलेल्या वकिलाकडे आधी कोण येतं? ज्याला आतले वकील उभं करून घेत नाहीत, तो. पालखीवालांकडे आयकर आला आणि जेठमलानींकडे सोन्याची बिस्किटं. हे निव्वळ दोघांच्या आवडीनिवडीवर ठरलं, हे मला पटत नाही. उल्हासनगरात वाढलेल्या कोणालाही पटणार नाही. या गावाने कापड विणलं, फर्निचर केलं, जीन्स शिवल्या, आणि आपल्याकडे विनोद काय झाला? ‘मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन.’ मीही तो शाळेत मारलेला आहे, त्याच मित्राच्या गावावरून.

हे दोन वकील एका कोर्टात एका बाजूला उभे राहिल्याचा एक प्रसंग आहे, त्यावर कोणीतरी पाच भागांची मालिका काढायला हवी. आणीबाणीत जेठमलानी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. इंदिरा गांधींवर केलेल्या टीकेवरून केरळमधून त्यांच्या अटकेचं वॉरंट निघालं. त्याविरुद्ध मुंबई हायकोर्टात तीनशेहून अधिक वकील उभे राहिले आणि त्यांच्या पुढे होते पालखीवाला. अटकेला स्थगिती मिळाली. पण एप्रिल 1976 मध्ये सुप्रीम कोर्टाने जबलपूर खटल्यात निकाल दिला आणि तिचा अर्थ उरला नाही. जेठमलानी देश सोडून कॅनडा-अमेरिकेत गेले. शिकारपूरचा मुलगा दुसऱ्यांदा निर्वासित झाला, यावेळी ज्या देशाने आसरा दिला त्याच देशातून.

1977 साली परतले आणि वायव्य मुंबईतून निवडून आले, तेही कायदामंत्री ह. रा. गोखले यांना हरवून. पंतप्रधान झाले मोरारजी देसाई. कायदामंत्री झाले शांतिभूषण.

नंतरचे जेठमलानी आपल्याला माहीत आहेत. ‘स्कॅम 1992’ पाहिलेल्यांना हर्षद मेहता आणि सूटकेस आठवेल. 2017 साली केजरीवालांच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात 1 कोटी रुपये रिटेनर आणि प्रत्येक हजेरीचे 22 लाख, असं त्यांचं बिल गाजलं. सरकारला परवडत नसेल तर फुकट लढतो, असंही त्यांनी वर सांगितलं. कंपनीत न जाता हा माणूस स्वतःच एक कंपनी झाला होता, ज्यात दर तोच ठरवायचा आणि सूटही तोच द्यायचा. मला हा माणूस आवडतो का, हे अजून ठरवता येत नाही. केस कोणाची घेतली यावरून त्याला नावं ठेवावीत असं वाटत नाही. पण दहा रुपयांच्या गोष्टीचा उपयोग करून ‘बघा, जमतं की!’ असं जेव्हा बाकीच्यांना सुनावलं जातं, तेव्हा मला त्या गोष्टीचा राग येतो.

मित्राला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवला. मग थोड्या वेळाने विचारलं, ‘तुमच्या टीमने तो केवायसीचा फॉर्म नीट केला का?’

तो फॉर्म माझ्याकडेच आहे. पत्त्यात घर क्रमांक, इमारतीचं नाव आणि रस्ता भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मित्राच्या घराला रस्त्याचं नाव नाही. त्याच्या आधार कार्डावर अजून ‘बीके नं.’ आहे. बीके म्हणजे बराक. पुढे आकडा, मग सेक्शन, मग उल्हासनगर-4.